नायकाचा मित्र : एडवर्ड एव्हरेट हॉर्टन

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या आणि चौथ्या दशकांतील हॉलिवूडचे विनोदी चित्रपट पाहणाऱ्यांना एक चेहरा हमखास आठवतो. लांबट नाक, नीट विंचरलेले केस, अंगावर बेताचा सूट आणि नजरेत सदैव 'आता काय होणार' अशी धास्ती. नायक प्रेमात पडतो, खोटे बोलतो, पळून जातो. निस्तरावे लागते ते या गृहस्थाला. कधी तो नायकाचा मित्र असतो, कधी वकील, कधी हॉटेलातला पाहुणा, कधी बटलर. चित्रपट संपतो, नायक-नायिकेची नावे ओठांवर राहतात आणि या गृहस्थाविषयी मात्र 'तो नेहमीचा घाबरट माणूस' एवढेच म्हटले जाते. त्या माणसाचे नाव एडवर्ड एव्हरेट हॉर्टन.

मूकपटांपासून दूरचित्रवाणीपर्यंत सुमारे पन्नास वर्षे हॉर्टन यांनी पडद्यावर काम केले. त्यांच्या चित्रपटांची संख्या शंभराच्या बरीच पुढे जाते. इतके काम करूनही ऑस्करचे नामांकन त्यांच्या वाट्याला एकदाही आले नाही. सहायक अभिनेत्यासाठी स्वतंत्र ऑस्कर द्यायला सुरुवात झाली ती १९३६ सालच्या चित्रपटांपासून. हॉर्टन यांचे सर्वोत्तम मानले जाणारे बरेचसे काम तोपर्यंत होऊन गेले होते. मोजमाप सुरू होण्याआधीच ज्याने आपला वाटा उचलला, अशा कलावंताची दखल घेण्याचे काम मग पुढच्या पिढ्यांवर येते.

छापखान्याच्या घरातून रंगमंचावर

हॉर्टन यांचा जन्म १८ मार्च १८८६ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात झाला. वडील 'द न्यूयॉर्क टाइम्स' या दैनिकात कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवण्याचे काम करीत. आई मूळची क्यूबातील मातान्सास येथे जन्मलेली, स्कॉटिश वंशाची. मुलाने शिकून स्थिरस्थावर व्हावे अशा मध्यमवर्गीय वळणाचे हे घर होते. मुलाचे शिक्षण मात्र अनेक ठिकाणी फिरत राहिले. ओहायोतील ओबर्लिन कॉलेजविषयी एक किस्सा सांगितला जातो. हॉर्टन इमारतीच्या माथ्यावर चढले, खाली गर्दी जमली आणि त्यांनी माणसाच्या आकाराचा पुतळा वरून खाली टाकला. माणूसच पडला असे वाटून पाहणाऱ्यांची पाचावर धारण बसली आणि हॉर्टन यांना कॉलेज सोडावे लागले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांना नाटकाची गोडी लागली आणि १९०६ च्या सुमारास ते व्यावसायिक रंगभूमीवर आले. सुरुवातीला गाण्या-नाचण्याच्या समूहात, मग लहानसहान भूमिकांत.

त्या काळी अमेरिकेत गावोगावी 'स्टॉक कंपन्या' असत. कंपनीत ठरलेली नटमंडळी असत आणि दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नाटक बदले. सकाळी पुढच्या नाटकाची तालीम आणि रात्री चालू नाटकाचा प्रयोग, असा दिनक्रम असे. या शाळेत हॉर्टन यांचे खरे शिक्षण झाले. प्रेक्षकांचे हसू कोणत्या क्षणी येते, ते पूर्ण होण्याआधी पुढचे वाक्य बोलले तर काय बिघडते, एकच शब्द लांबवला तर अर्थ कसा बदलतो, हे त्यांनी वर्षानुवर्षे जिवंत प्रेक्षकांसमोर पडताळून पाहिले. १९१९ मध्ये ते लॉस एंजेलिसला आले तेही रंगभूमीसाठीच. चित्रपट नंतर आला.

मूकपटातून बोलपटात

१९२२ मध्ये 'टू मच बिझनेस' या मूकपटातून त्यांनी पडद्यावर पदार्पण केले. पुढच्याच वर्षी 'रगल्स ऑफ रेड गॅप' या चित्रपटात त्यांना प्रमुख भूमिका मिळाली. अमेरिकेच्या पश्चिमेकडील रांगड्या गावात येऊन पडलेल्या इंग्रज बटलरची ती भूमिका होती. (याच कथेवरील १९३५ च्या बोलपटात ती चार्ल्स लॉटन यांनी केली.) १९२५ च्या 'बेगर ऑन हॉर्सबॅक' मध्येही ते नायक होते. त्या दशकाच्या अखेरीस प्रख्यात विनोदवीर हॅरल्ड लॉइड यांच्या निर्मितीसंस्थेसाठी त्यांनी काही लघुपट केले. हॉर्टन नायक होऊ शकत नव्हते म्हणून दुय्यम भूमिकांकडे वळले, ही समजूत त्यामुळे बरोबर नाही. नायकपद त्यांनी अनुभवले होते.

बोलपट आले तेव्हा अनेक मूकपट-कलावंतांचे आसन डळमळले. कुणाचा आवाज साथ देईना, कुणाचे उच्चार चालेनात. हॉर्टन यांच्या बाबतीत उलटे घडले. १९२८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने 'द टेरर' हा पूर्ण संवाद असलेला भयपट काढला. त्या कंपनीचा तो दुसराच संपूर्ण बोलपट. नावीन्याची हौस इतकी की श्रेयनामावलीही पडद्यावर न लिहिता बोलून दाखवण्यात आली. हॉर्टन त्यात होते. या चित्रपटाची चित्रफीत आज उपलब्ध नाही. तिच्याबरोबर वाजवल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रिका मात्र जतन झाल्या आहेत. स्टॉक कंपनीत कमावलेला आवाज बोलपटाला जणू हवाच होता. वाक्याच्या मध्येच अडखळणारा, शेवटी किंचित वर चढणारा आणि स्वतःच्याच बोलण्यावर शंका घेणारा हा आवाज पुढे त्यांची ओळख ठरला.

१९३१ च्या 'द फ्रंट पेज' मध्ये याची चुणूक दिसते. दिग्दर्शक लुइस माइलस्टोन यांचा हा चित्रपट शिकागोच्या न्यायालयातील वार्ताहर-कक्षात घडतो. उद्धट, सिगारेट ओढणाऱ्या, पत्ते खेळणाऱ्या वार्ताहरांच्या घोळक्यात हॉर्टन यांचा बेन्सिंगर हा एकटाच स्वच्छतेचा भोक्ता. जंतूंची त्याला भीती आणि आपल्या टेबलाला कुणी हात लावलेला त्याला खपत नाही. फाशीची शिक्षा झालेला कैदी पळून येतो तेव्हा त्याला लपवण्यासाठी नेमके बेन्सिंगरचेच टेबल वापरले जाते. विनोदाची ही गणिती मांडणी हॉर्टन यांच्या पुढील अनेक भूमिकांत दिसते : ज्या माणसाला गोंधळ मुळीच सहन होत नाही, त्याच्याच अंगावर तो येऊन आदळतो.

'डबल टेक' म्हणजे काय?

हॉर्टन यांचे नाव ज्या तंत्राशी कायमचे जोडले गेले, त्याला 'डबल टेक' म्हणतात. समोर काहीतरी विपरीत घडते किंवा बोलले जाते. पात्र ते ऐकते, हसून मान डोलावते, पुढे निघते. दोन-तीन क्षणांनी अर्थ डोक्यात शिरतो आणि ते दचकून मागे वळते. एवढेच ते तंत्र. अनेक नटांनी ते वापरले, पण बहुतेकांचा भर दचकण्यावर असे. हॉर्टन यांचा भर असे तो आधीच्या समाधानावर. त्यांचे हसू अगदी निर्धास्त असते. मग ते हळूहळू विरते, भुवया जागा सोडतात आणि संपूर्ण चेहरा खाली घसरून गंभीर, दुःखी मुखवटा होतो. विचार डोक्यातून प्रवास करताना प्रेक्षकाला प्रत्यक्ष दिसतो. हसू येते ते त्या प्रवासाला.

अर्न्स्ट लुबिच या जर्मनीहून आलेल्या दिग्दर्शकाने या गुणाचा सर्वांत बारकाईने उपयोग केला. १९३२ चा 'ट्रबल इन पॅरडाइज' हा त्याचा उत्तम नमुना. व्हेनिसच्या हॉटेलात फिलिबा या श्रीमंत पाहुण्याला एक भामटा लुटतो. घशातील गाठी म्हणजे टॉन्सिल्स तपासणारा डॉक्टर अशी त्याची बतावणी असते. पुढे पॅरिसमध्ये एका मेजवानीत हाच भामटा सभ्य सचिवाच्या रूपात फिलिबासमोर येतो. याला कुठेतरी पाहिले आहे, पण कुठे? हा प्रश्न फिलिबाला छळत राहतो. भामट्याला वाटणारी भीती आणि फिलिबाला न आठवणारी गोष्ट यांवर चित्रपटाचा उत्तरार्ध ताणला जातो. शेवटी व्हेनिसच्या गोंडोला नावेच्या आकाराचे रक्षापात्र हाती येते आणि हॉर्टन यांचा चेहरा उजळतो. आठवण परत येण्याची ही क्रिया लुबिच यांनी संवादापेक्षा त्या चेहऱ्यावर सोपवली आहे. हर्बर्ट मार्शल, मिरियम हॉपकिन्स आणि के फ्रान्सिस हे या चित्रपटाचे तारे. पण कथेची किल्ली हॉर्टन यांच्या खिशात आहे. त्यानंतर 'डिझाइन फॉर लिव्हिंग' (१९३३), 'द मेरी विडो' (१९३४), 'एंजल' (१९३७) आणि 'ब्लूबिअर्ड्स एट्थ वाइफ' (१९३८) या चित्रपटांतही लुबिच यांनी त्यांना घेतले.

अस्टेअर-रॉजर्स यांची सावली

सर्वसामान्य प्रेक्षकांना हॉर्टन माहीत असतात ते फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स यांच्या नृत्यपटांमुळे. आर.के.ओ. कंपनीच्या या मालिकेतील तीन चित्रपटांत ते होते : 'द गे डिव्होर्सी' (१९३४), 'टॉप हॅट' (१९३५) आणि 'शॅल वी डान्स' (१९३७). तिन्हींचे दिग्दर्शक मार्क सँड्रिच.

'द गे डिव्होर्सी' मध्ये ते एग्बर्ट नावाचे वकील आहेत. नायिकेला घटस्फोट मिळावा म्हणून तिचे परपुरुषाशी संबंध असल्याचे भासवायचे आणि गुप्तहेरांकरवी ते उघडकीस आणायचे, अशी त्यांची योजना. वकीलसाहेब सगळी सिद्धता करतात आणि गुप्तहेर नेमायलाच विसरतात. याच चित्रपटात तरुण बेटी ग्रेबलबरोबर त्यांचे एक गाणे आणि नृत्य आहे. अठ्ठेचाळीस वर्षांचा, अंग आखडून बसणारा हा माणूस आखूड चड्डी घालून नाचतो तेव्हा त्यांच्या गाण्या-नाचण्याच्या जुन्या दिवसांची आठवण होते.

'टॉप हॅट' तर सगळाच हॉर्टन यांच्या पात्रावर उभा आहे. नायिकेचा समज होतो की आपल्यामागे लागलेला हा नर्तक म्हणजे आपल्या मैत्रिणीचा नवरा होरेस हार्डविक. खरा होरेस म्हणजे हॉर्टन. ज्याला आपल्या नावावर काय काय खपते आहे याचा पत्ता नाही, असा हा नवरा एका बाजूला. आणि दुसऱ्या बाजूला टायवरून त्याच्याशी अबोला धरलेला नोकर बेट्स. ही भूमिका करणारे एरिक ब्लोअर हेही तिन्ही चित्रपटांत होते. दोघांची जुगलबंदी पाहताना लक्षात येते की नृत्यांच्या मधली जागा भरून काढणे एवढेच त्यांचे काम नव्हते. अस्टेअर सहज, हलके, निश्चिंत दिसतात, कारण चिंतेचा सारा भार कुणीतरी दुसरा वाहतो आहे.

स्टुडिओ-पद्धतीतील स्थान

तीसच्या दशकात हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ अक्षरशः कारखान्यांसारखे चालत. नव्वद मिनिटांच्या चित्रपटात ओळख करून देण्यात वेळ घालवणे परवडत नसे. म्हणून प्रेक्षकांच्या परिचयाचे चेहरे लागत. हॉर्टन दारातून आत आले की हा मनुष्य कसा आहे, हे सांगावे लागत नसे. चरित्र अभिनेत्याचे मोल यात होते. आणि त्याची कोंडीही. एकदा छाप बसली की दुसरी भूमिका मिळणे कठीण. हॉर्टन कोणत्याही एका कंपनीला बांधलेले नव्हते. पॅरामाउंट, आर.के.ओ., वॉर्नर, कोलंबिया अशा सर्वांकडे ते काम करीत आणि त्याचा चोख मोबदला घेत.

त्याच साच्यात राहूनही छटा कशा बदलतात हे पाहायचे तर 'हॉलिडे' पाहावा. फिलिप बॅरी यांच्या नाटकावरून हा चित्रपट १९३० आणि १९३८ असा दोनदा निघाला. नायकाचा मित्र निक पॉटर ही भूमिका दोन्ही वेळा हॉर्टन यांनीच केली. जॉर्ज क्यूकर यांच्या १९३८ च्या आवृत्तीत निक हा विद्यापीठातील प्राध्यापक आहे. श्रीमंतांच्या मेजवानीत पत्नीसह अवघडून उभा असलेला, पण बुद्धीने आणि माणुसकीने त्यांच्याहून उंच. येथे हॉर्टन घाबरट नाहीत. शांत, मिस्कील आणि स्वतःच्या साधेपणाविषयी निःशंक आहेत. कॅथरिन हेपबर्न आणि कॅरी ग्रँट यांच्यासमोर त्यांनी उभा केलेला हा प्राध्यापक पाहिला की साच्याबाहेर त्यांना किती करता आले असते, याचा अंदाज येतो.

फ्रँक कॅप्रा यांनीही त्यांना तीनदा बोलावले. 'लॉस्ट होरायझन' (१९३७) मध्ये ते शांग्रिलात पोहोचलेले भित्रे जीवाश्मशास्त्रज्ञ लव्हेट होते. 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस' (१९४४) मध्ये मनोरुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९६१ च्या 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' या कॅप्रांच्या अखेरच्या कथापटात बटलर.

आपल्याकडील प्रेक्षकांशी एक अप्रत्यक्ष धागा जुळतो तो 'हिअर कम्स मिस्टर जॉर्डन' (१९४१) मधून. मृतात्म्यांना नेणारा एक नवखा दूत घाई करतो आणि वेळ भरलेली नसताना एका मुष्टियोद्ध्याला उचलून आणतो. मग त्याला परत पाठवायला देहच उरत नाही. हा गोंधळ घालणारा दूत क्रमांक ७०१३ म्हणजे हॉर्टन. कथा-पटकथेसाठी दोन ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटावर आधारित 'झुक गया आसमान' हा हिंदी चित्रपट १९६८ मध्ये आला. राजेंद्रकुमार त्याचे नायक होते. १९४७ च्या 'डाउन टु अर्थ' मध्ये हॉर्टन यांनी तोच दूत पुन्हा साकारला.

हसण्यामागे दडलेले

आज हॉर्टन यांच्या भूमिकांकडे पाहताना दोन गोष्टी टाळता येत नाहीत. पहिली नैतिक निर्बंधांची. हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेची काटेकोर अंमलबजावणी १९३४ च्या मध्यापासून सुरू झाली. समलिंगी व्यक्तींचा उल्लेखही पडद्यावर वर्ज्य ठरला. अशा काळात नाजूक हातवारे करणारा, स्त्रियांशी प्रेम जमू न शकणारा, सदा अस्वस्थ 'भला गृहस्थ' हा एक सांकेतिक नमुना बनला. ज्याला कळायचे त्याला कळे, इतरांना तो केवळ गमतीचा वाटे. व्हिटो रूसो यांनी १९८१ च्या आपल्या 'द सेल्युलॉइड क्लोझेट' या पुस्तकात या परंपरेची चिकित्सा केली. या नमुन्याने एका समूहाला पडद्यावर जागा दिली की त्याची टवाळी केली, हा वाद आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. हॉर्टन यांच्या बाबतीत एवढे म्हणता येईल की त्यांनी या माणसांना हास्यास्पद केले, तरी तिरस्करणीय केले नाही. त्यांचे होरेस आणि एग्बर्ट शेवटपर्यंत आपल्याला जवळचे वाटतात.

याच संहितेचा फटका त्यांच्या कामालाही बसला. 'ट्रबल इन पॅरडाइज' मध्ये चोर शिक्षेविना सुटतात आणि प्रेम विवाहाची वाट पाहत नाही. त्यामुळे १९३५ मध्ये त्याच्या पुनःप्रदर्शनाला परवानगी नाकारण्यात आली. १९६८ मध्ये संहिता संपेपर्यंत तो सर्वसाधारण प्रेक्षकांपासून दूर राहिला. १९९१ मध्ये त्याचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत समावेश झाला.

दुसरी गोष्ट त्यांच्या दूरचित्रवाणीवरील कामाची. १९६५ मध्ये 'एफ ट्रूप' या मालिकेत आणि १९६६ मध्ये 'बॅटमॅन' मध्ये त्यांनी मूळनिवासी अमेरिकन पात्रे केली. गोऱ्या नटाने रंग लावून केलेली ही व्यंगचित्रे तेव्हा कुणाला खटकली नाहीत. आज ती अवघडून टाकतात. कारकीर्दीचा आलेख मांडताना तो भाग गाळणे योग्य होणार नाही.

रंगभूमी, घर आणि अखेर

चित्रपटांत व्यग्र असतानाही हॉर्टन यांनी रंगभूमी सोडली नाही. बेन लेव्ही यांच्या 'स्प्रिंगटाइम फॉर हेन्री' या प्रहसनाचे त्यांनी अमेरिकाभर दोन हजारांहून अधिक प्रयोग केले. १९५१ मध्ये ते ब्रॉडवेवरही आणले. पडद्यावर दुय्यम राहणारा हा नट गावोगावी मात्र नाटकाचा नायक म्हणून गर्दी खेचत होता.

ते अविवाहित राहिले. लॉस एंजेलिसजवळील एन्सिनो येथे त्यांची विस्तीर्ण वाडी होती. तेथील एका घरात १९३८ पासून १९४० पर्यंत कादंबरीकार एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड भाड्याने राहत. हॉलिवूडवरील 'द लास्ट टायकून' ही अपुरी राहिलेली कादंबरी लिहिण्यास त्यांनी तेथेच आरंभ केला. पुढे महामार्गासाठी त्या वाडीची बरीच जमीन गेली. उरलेल्या एका गल्लीला हॉर्टन यांचे नाव आहे.

१९५९ पासून 'रॉकी अँड हिज फ्रेंड्स' या व्यंगपट-मालिकेतील विडंबित परीकथांचे निवेदन त्यांनी केले. त्यामुळे ज्यांनी 'टॉप हॅट' कधी पाहिला नाही, अशी अमेरिकन मुलांची एक पिढी त्यांच्या आवाजावर वाढली.

२९ सप्टेंबर १९७० रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचा अखेरचा चित्रपट 'कोल्ड टर्की' १९७१ मध्ये, मृत्यूनंतर प्रदर्शित झाला. त्यात ते चाकांच्या खुर्चीवर बसलेले वृद्ध तंबाखूसम्राट आहेत आणि त्यांना एकही संवाद नाही. ज्यांचा आवाज ही त्यांची ओळख होती, ते हॉर्टन मूकपटातून आले आणि निःशब्द भूमिकेने गेले. त्या भूमिकेतही चेहरा सारे बोलतो.

हॉर्टन यांच्या ओळखीची सुरुवात करू इच्छिणाऱ्यांनी 'टॉप हॅट' पाहावा, मग 'ट्रबल इन पॅरडाइज' आणि शेवटी १९३८ चा 'हॉलिडे'. मात्र पाहताना नजर नायकावरून थोडी बाजूला वळवावी. पुष्कळसा चित्रपट तिथेच घडत असतो.